बिनटाक्याचं ऑपरेशन आणि पुढची सात वर्षं

"बिनटाक्याचं आहे म्हणे, आठवडाभरात घरी येतील." नातेवाइकांच्या फोनवरचं हे वाक्य पित्ताशयाला लागू पडतं, अपेंडिक्सला पडतं, बहुतेक हर्नियांनाही पडतं. स्वादुपिंडाचा तीव्र दाह होऊन त्याचा काही भाग सडला असेल, तर मात्र या वाक्याने घरच्यांची फसगत होते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०१८ साली एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाचणीचं नाव ‘टेन्शन’, आणि हा विनोद नाही. त्यात ९८ रुग्ण होते. त्यांतल्या ५१ जणांच्या उपचारात पोटाला छेद न देता, तोंडातून दुर्बीण घालून, जठराच्या मागच्या भिंतीतून वाट काढत सडलेला भाग गाठायचा, अशी पद्धत होती. याहून कमी चिरफाड कल्पनेतही येत नाही. या रुग्णांचा रुग्णालयातला सरासरी मुक्काम किती? ५३ दिवस. बाजूने छोटा छेद देण्याची पद्धत ज्यांच्या वाट्याला आली, त्यांचा ६९.

भोक केवढं पाडलं यावरून आजार केवढा होता हे कळत नाही. घरी आल्यावर रुग्णाला सर्वांत जास्त त्रास याच गैरसमजाचा होतो. टाके दिसत नाहीत, पोटावर फार तर दोन-तीन वण, आणि माणूस मात्र जिना चढताना मधल्या पायरीवर बसतो. "आता काय, बरे झालात की!" असं म्हणणाऱ्यांना काय सांगायचं ते त्याला उमगत नाही.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवं पडलेलं असतं. लांबी वीतभरापेक्षा कमी, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. त्याच्याकडे दोन खाती आहेत. एक पचनाचं: रोज लिटर-दीड लिटर पाचक रस तयार करून लहान आतड्यात सोडायचा. दुसरं साखरेचं: इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन ही एकमेकांना आवर घालणारी संप्रेरकं रक्तात सोडायची. पाचक रसातली विकरं, म्हणजे आपण सर्रास ज्यांना एन्झाइम म्हणतो ती, ग्रंथीत असताना निजलेली असतात आणि आतड्यात पोचल्यावर जागी होतात. पित्ताचा खडा नळीच्या तोंडाशी अडकला, किंवा दारूने पेशींचं तंत्र बिघडवलं, की ती घरातच जागी होतात आणि घरच खाऊ लागतात. स्वादुपिंड स्वतःला पचवतं, ही कल्पना हान्स किआरी यांनी १८९६ साली मांडली. त्याआधी सात वर्षं, १८८९ मध्ये, बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या आजाराचं पहिलं सुसूत्र वर्णन केलं होतं.

दहांतल्या आठ जणांचा दाह आठवडाभरात सलाइन, वेदनाशामकं आणि हलक्या आहारावर निवतो. उरलेल्या दोघांत ग्रंथीचा किंवा तिच्या भोवतालच्या चरबीचा भाग मरतो. या मेलेल्या भागात जंतू शिरले, की जिवाशी गाठ पडते.

पोटात काही सडलं असेल तर ते काढून टाका, ही शल्यविशारदाची उपजत बुद्धी. विसाव्या शतकाचा बराच काळ तीच चालली. बरगड्यांखाली आडवा मोठा छेद घ्यायचा, आत हात घालायचा आणि मेलेलं मांस बोटांनी खरवडून काढायचं. अडचण अशी, की पहिल्या आठवड्यांत मेलेलं आणि जिवंत यांत सीमारेषाच नसते. सगळा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लगदा. बोटांना जे सुटून येतं ते सगळं मेलेलंच असतं, याची खात्री कोण देणार? चार आठवडे थांबलं, तर शरीर स्वतःच मेलेल्या भागाभोवती भिंत उभी करतं. आत दलदल, बाहेर कुंपण. मग एका नळीने आतला पू वाहू देता येतो आणि राहिलेलं नंतर, गरजेपुरतं काढता येतं. ग्लासगोच्या रॉस कार्टर यांच्या गटाने २००० साली कुशीतून नळीच्या वाटेने दुर्बीण घालून हे काम केल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा अनेकांना ती हौस वाटली असेल. हौस की हित, हे ठरवायला तुलना हवी होती.

ती तुलना डच लोकांनी केली. नोव्हेंबर २००५ ते ऑक्टोबर २००८ या काळात १९ रुग्णालयांतले ८८ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. ४५ जणांचं पोट जुन्या रीतीने उघडलं. ४३ जणांवर पायरी-पायरीने उपचार झाले. आधी नळी, शक्यतो डाव्या कुशीतून, पोटाच्या पोकळीला न शिवता पाठीमागून. तीन दिवसांत उतार नाही पडला तर आणखी एक नळी. त्यानेही भागलं नाही, तरच त्या नळीच्या वाटेवर पाचेक सेंटिमीटरचा छेद घेऊन सुटं झालेलं मेलेलं मांस चिमट्याने काढायचं. घट्ट चिकटलेलं असेल ते तसंच ठेवायचं. हा शेवटचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

या ‘पँटर’ चाचणीचे निष्कर्ष ह्यालमार वान सांतव्होर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडले. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू: पोट उघडलेल्यांत ६९ टक्के, पायरी-पायरीच्या गटात ४० टक्के. या दुसऱ्या गटातल्या ३५ टक्के रुग्णांना तर नळीखेरीज काही करावंच लागलं नाही. मृत्यूचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखं राहिलं, १६ आणि १९ टक्के. म्हणजे ८८ पैकी १५ माणसं गेली. छोटं भोक पाडलं म्हणून आजार मवाळ झाला नव्हता, हे या आकड्यात दिसतं.

बहुतेक संशोधनं इथे संपतात. शोधनिबंध छापून येतो, पद्धत बदलते, रुग्ण आपापल्या गावी. डच गटाने वाचलेल्या ७३ जणांची पुन्हा चौकशी केली, सरासरी ८६ महिन्यांनंतर. सात वर्षांहून थोडा अधिक काळ. रॉबर्ट होलेमान्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तो हिशेब प्रसिद्ध केला. तो आपल्या विषयाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबून वाचू.

पोटाच्या छेदाच्या जागी हर्निया: पोट उघडलेल्यांत ५३ टक्के, पायरी-पायरीच्या गटात २३ टक्के. सहा महिन्यांच्या तपासणीत हेच आकडे २४ आणि ७ होते. जंतुसंसर्गात, कुपोषणात शिवलेली पोटाची भिंत वर्षांगणिक हळूहळू सैल पडत जाते. छोट्या छेदवाल्यांनाही हे चुकत नाही, पण त्यांच्यात ते निम्म्याहून कमी. पचनाचं खातं तोट्यात: ५६ विरुद्ध २९ टक्के. साखरेचं खातं तोट्यात: ६४ विरुद्ध ४० टक्के.

शेवटच्या दोन जोड्या मला हर्नियापेक्षा बोलक्या वाटतात. हर्निया छेदामुळे होतो, हे कुणालाही पटेल. पण मधुमेह? तो तर दाहामुळे होणार, छेद कुठूनही घेतला तरी. तसं असतं, तर दोन्ही गटांत आकडे सारखे यायला हवे होते. फरक पडला याचं सरळ स्पष्टीकरण असं, की घाईने खरवडताना मेलेल्यासोबत जिवंत ग्रंथीही निघून जात होती. ते इन्सुलिन बनवणारे पेशींचे पुंजके, जे पाउल लांगरहान्स यांनी १८६९ मध्ये पहिल्यांदा टिपले, शस्त्रक्रियेच्या ट्रेमध्ये जाऊन पडत होते. त्या दिवशी ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं. शल्यविशारदाने जे काढलं नाही, त्याचं मोल सात वर्षांनी साखरेच्या तपासणीत दिसलं.

डच गट पुढे आणखी एक पाऊल गेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉइंटर’ चाचणीत त्यांनी विचारलं, की जंतुसंसर्ग कळल्याबरोबर लगेच नळी घालायची, की अँटिबायोटिक देऊन भिंत तयार होईपर्यंत धीर धरायचा? १०४ रुग्ण. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्क्यांना नळीही लागली नाही.

आता घरी आलेल्या माणसाकडे वळू.

पहिले काही महिने स्वादुपिंडापेक्षा स्नायूंचे असतात. अतिदक्षता विभागात आठवडेच्या आठवडे आडवं पडलेलं शरीर आधी स्वतःचे स्नायू खातं. मांड्या वाळतात, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. दोन-तीन महिन्यांनी पुंजक्याने केस गळतात आणि घरचे घाबरतात. तो बहुधा आजाराच्या धक्क्याचा उशिरा आलेला पडसाद असतो, केस परत येतात. रात्री दचकून जागं होणं, त्या दिवसांतलं काही न आठवणं किंवा भलतंच आठवणं, हेही होतं. वेड लागलं की काय, या भीतीने लोक ते सांगत नाहीत.

खाण्याचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षांचा. आपल्याकडे स्वादुपिंडाच्या रुग्णाला घरी आणलं, की तेल-तूप कपाटात जातं. मऊ भात, मुगाचं वरण, पेज, फार तर भाकरीचा मऊ पापुद्रा. पहिले काही दिवस ठीक आहे. पण वीस किलो वजन उतरलेला माणूस सहा सहा महिने पेजेवर कसा भरून निघणार? चरबी पचत नसेल तर चरबी बंद करणं हा हिशेब वरवर सरळ वाटतो. खरा उपाय ती पचवण्याचं साधन देणं हा आहे. अपवाद एक: ज्यांचा दाह रक्तातल्या ट्रायग्लिसराइडमुळे, म्हणजे हजार मिलिग्रॅमच्या पुढे गेलेल्या चरबीमुळे झाला, त्यांच्यासाठी तेल-तुपाचं पथ्य आयुष्यभराचं.

पचनाचं खातं तोट्यात आहे हे कळतं कसं? लाजेखातर न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीवरून. शौचाला तेलकट, फिकट, उग्र वासाचं होतं. पाण्यावर तरंगतं, दोनदा फ्लश केलं तरी भांड्याला चिकटून राहतं. खाणं बरं असूनही वजन वाढत नाही. शौचातलं इलास्टेज नावाचं एन्झाइम मोजता येतं. ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर संशय घ्यायचा. मग कॅप्सूल सुरू होतात. मुख्य जेवणाबरोबर लिपेजची ४० ते ५० हजार युनिट, मधल्या खाण्याबरोबर त्याच्या निम्मी, हा सुरुवातीचा सर्वसाधारण अंदाज. नेमकी मात्रा डॉक्टरांनी ठरवायची.

इथे आपली एक सवय आड येते. आपल्या डोक्यात गोळी म्हणजे ‘जेवणानंतर’. ताट उचललं, हात धुतले, तांब्याभर पाणी आणि गोळी. ही कॅप्सूल तशी घेतली तर फुकट. गाडी सुटून गेल्यावर फलाटावर पोचलेल्या हमालासारखी तिची गत होते. पहिल्या घासाबरोबर एक, जेवण लांबलं तर मध्ये दुसरी, असं घ्यायचं. एन्झाइमला अन्नात मिसळायचं असतं. आणि दुपारी नुसता चहाच असेल तर ठीक, सोबत शेव-चिवडा असेल तर तेही खाणंच.

दुसरी गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण डॉक्टरांकडून ती सांगायची राहून जाते. ही एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेली असतात. शाकाहारी घरात, मुसलमान किंवा जैन घरात हे नंतर कळलं तर रुग्ण कुणालाही न सांगता औषध थांबवतो, आणि पुढच्या भेटीत वजन का घटलं याचं कोडं डॉक्टरांना सुटत नाही. बुरशीपासून केलेल्या गोळ्या मिळतात, पण त्यांचा गुण तितका येत नाही. ही चर्चा पहिली चिठ्ठी लिहितानाच झाली, तर रुग्णाला विचार करून ठरवता येतं.

पचनाची बाजू काही जणांत वर्षांगणिक सावरते. साखरेची बाजू उलट दिशेने जाते. घरी जाताना साखर नॉर्मल होती, म्हणून पुढची पाच वर्षं ती तशीच राहील असं धरू नये. वर्षातून निदान एकदा उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी करावी. हा मधुमेह नेहमीच्या मधुमेहासारखा दिसतो आणि वेगळा वागतो. पोट सुटलेल्या पन्नाशीतल्या माणसाला साखर वाढते तेव्हा त्याचं ग्लुकॅगॉन शाबूत असतं. साखर फार खाली गेली, तर ते वर खेचतं. स्वादुपिंडाचा तुकडाच गेला असेल, तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही गेलेले असतात. अशा माणसाने इन्सुलिन टोचलं आणि जेवायला उशीर झाला, तर साखर घसरून तो घाम फुटून कोसळू शकतो. नवीन डॉक्टरकडे गेल्यावर "मला डायबिटीस आहे" एवढंच न सांगता "स्वादुपिंडाच्या आजारानंतर झालेला आहे" हे शब्द सांगितले, तर औषधं वेगळ्या विचाराने लिहिली जातात.

आता बिनटाक्याच्या उपचाराचं स्वतःचं देणं. ग्रंथीचा मधला भाग मेला आणि शेपटीकडचा जिवंत राहिला, असं बऱ्याचदा होतं. शेपटी रस तयार करत राहते, पण आतड्याकडे जाणारी नळी मध्येच तुटलेली. तोंड मातीने बुजलेल्या झऱ्यासारखं. रस साचतो, पुन्हा गाठ होते, किंवा कुशीतल्या नळीच्या भोकातून महिनोन्‌महिने बाहेर झिरपत राहतो. कपडे भिजतात, त्वचा सोलवटते, लोकांत बसवत नाही. या एका बाबतीत तोंडातून घातलेली दुर्बीण कुशीतल्या छेदाला सरळ मात देते. तिने पाडलेलं भोक जठरात उघडतं, म्हणून झिरपलेला रसही आतच, पचनाच्याच कामी येतो. ‘टेन्शन’ चाचणीत असं झिरपणं दुर्बिणीच्या गटात ५ टक्के होतं, कुशीच्या गटात ३२ टक्के. त्या रुग्णांचीही सात वर्षांनी चौकशी झाली, आणि फरक टिकून राहिला: ८ आणि ३४ टक्के.

दुर्बिणीतून बसवलेला, जठराची भिंत आणि गाठ यांना जोडणारा धातूचा रुंद स्टेंट मात्र विसरायचा नसतो. काम साधारण तीन-चार आठवड्यांत होतं. गाठ बसली की स्टेंटची कड मागच्या रक्तवाहिनीवर घासते आणि रक्तस्राव होऊ शकतो. डिस्चार्ज कार्डावर तो कधी घातला आणि कधी काढायचा याची तारीख नसेल, तर नातेवाइकांनी ती मागून लिहून घ्यावी. त्याच्या जागी कधीकधी प्लास्टिकच्या, दोन्ही टोकांना वळलेल्या बारीक नळ्या दीर्घकाळ ठेवतात, तुटलेल्या शेपटीच्या रसाला वाट राहावी म्हणून. त्या प्रत्येकाला हव्यात का, यावर एकमत नाही. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीमधल्या चाचणीत नळ्या ठेवलेल्या आणि न ठेवलेल्या रुग्णांत गाठ परत होण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही.

प्लीहेची शीर स्वादुपिंडाच्या पाठीला घासून जाते. दाहात ती गोठून बंद पडते, मग रक्त जठराच्या शिरांतून आडवाट काढतं आणि त्या फुगतात. बहुतेकांना काही जाणवत नाही. पण डांबरासारखं काळं शौचाला झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीची वाट न बघता त्याच रात्री निघायचं.

पित्ताशयाची कथा विचित्र आहे. ज्यांचा दाह खड्यांमुळे झाला, त्यांचं पित्ताशय काढायचं राहिलेलं असतं. सौम्य दाहात ते त्याच मुक्कामात काढतात. तीव्र दाहात आतली सूज आणि गाठी निवेपर्यंत, निदान सहा आठवडे, थांबावं लागतं. दोन महिने रुग्णालयात काढून आलेल्या माणसाला पुन्हा भरती व्हायचं जिवावर येतं. दुखत तर नाहीये, दिवाळीनंतर बघू. खडे मात्र दिवाळी बघत नाहीत.

डच चौकशीत एक गोष्ट दोन्ही गटांत सारखी निघाली. पोट उघडलेले असोत की नळीवर निभावलेले, जगण्याचा दर्जा वर्षांबरोबर वाढत गेला आणि गटांमध्ये लक्षणीय फरक उरला नाही. वेदनाही सारख्या, दाह पुन्हा होण्याचं प्रमाणही. वाचलेला माणूस हर्नियाच्या पट्ट्यासकट, कॅप्सूलसकट, इन्सुलिनसकट आपलं आयुष्य पुन्हा बसवतो.

दाह पुन्हा होऊ नये यासाठी कुठल्या पद्धतीने नळी घातली याचा उपयोग नाही. सिगरेट हे दारूइतकंच स्वतंत्र कारण आहे. "दारू सोडली, आता एवढी एक तरी राहू द्या," असं म्हणणाऱ्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. आणि दारू सोडायला एकदाच दिलेली तंबी पुरत नाही, हे फिनलंडमधल्या टॅम्पेरे शहरात तपासून झालं आहे. दारूमुळे पहिल्यांदा दाह झालेले १२० रुग्ण तिथे निवडले. सगळ्यांशी रुग्णालयात असतानाच एका परिचारिकेने नीट बोलणी केली. निम्म्यांचं तेवढ्यावर संपलं. उरलेल्यांना दर सहा महिन्यांनी परत बोलावलं, परिचारिका पुन्हा बसली, पुन्हा बोलली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन वर्षांचा हिशेब आहे. एकदाच बोलणं झालेल्या ६१ पैकी १३ जणांना दाह परत झाला. दर सहा महिन्यांनी येऊन बसणाऱ्या ५९ पैकी पाच जणांना.